गौरीला नेसवलेली द्रौपदीची साडी

१८ ऑगस्ट, सोमवार

आज घरात आलं ते असं. गूळ दोन किलो, एकशे वीस. शेंगदाणे अर्धा किलो, सत्तर. कापूर आणि वाती मिळून पन्नास. क्रांतीच्या नावानं एक पार्सल, त्यात तीन पायांवर उभा राहणारा गोल दिवा, चौदाशे रुपये. घरात दोन ट्यूबलाइट असताना हा कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "आई, तोंडावर उजेड सारखा पडाय पाहिजे." आणि द्रौपदीची साडी, नग एक, शून्य रुपये.

ही शेवटची नोंद कुठं करावी कळेना. साडी आहे, पण नाही. क्रांतीनं मला त्या दिव्यापुढं उभं केलं, समोर फोन धरला, आणि फोनमधल्या माझ्या अंगावर एकदम मोरपंखी साडी आली. मी हात हलवला की तिचा पदर हलतो. मान खाली घालून बघितलं तर माझा तोच जुना गाऊन.

"मग आत काय असतं?"

"आत तुझा गाऊनच असतो गं. साडी नुसती फोनमध्ये दिसते. लोक असे फोटो काढतात, व्हिडिओ करतात, एकमेकांना पाठवतात. दुसऱ्यांनी बघावं म्हणून नेसायची."

दुसऱ्यांनी बघावं म्हणून नेसणं यात नवीन काही नाही. पण धुणं नाही, इस्त्री नाही, फॉल-पिको नाही. एवढं मला पटलं.

२० ऑगस्ट

क्रांतीनं पुण्याची नोकरी का सोडली ते आज चपात्या लाटताना नीट सांगितलं. बेंगळुरूला एक कंपनी आहे. मालकांचं नाव शशिधर, आजोळ निपाणीचं, त्यामुळं मराठी बोलतात आणि वाचतातही. त्यांना पुराणातल्या पाच बायकांचे असे फोनमधले पोशाख करून हवेत: सीता, द्रौपदी, रेणुका, सत्यभामा आणि शूर्पणखा. घटस्थापनेला ते सगळ्यांसाठी खुले होणार. चांगले ठरले तर क्रांतीला वर्षभराचं काम, तेही घरी बसून. नाही तर एक ऑक्टोबरला पुण्याच्या जुन्या ऑफिसात परत हजर. तोवर पोशाख कोणालाही दाखवायचे नाहीत, तशी तिनं सही करून दिली आहे.

हे जेवताना म्हणाले, "पुण्याला गेलेली पोरं दिवाळीलाच घावत्यात." वारणेच्या कारखान्यात वजनकाट्यावर तीस वर्षं काढलेला माणूस, बोलणं तोलूनच बोलणार.

पुण्यात राहून क्रांती 'करते, जाते' म्हणायला शिकली होती. घरी आल्यापासून आपोआप इथल्या बायकांसारखी 'करतो, जातो'वर आली आहे.  दूध अर्धा लिटर जास्त लावलं.

२३ ऑगस्ट

सीतेचं काम चाललं आहे. वनवासातली, वल्कलं नेसलेली. क्रांतीनं तिला कमरपट्टा आणि बाजूबंद घातले. मी म्हटलं, सगळं वाटून टाकून निघालेली बाई अंगावर एवढं सोनं घालील का? म्हणे, "मग रावणानं नेताना तिनं वरून दागिने टाकले, ते कुठले?"

 पोरीनं लहानपणी ऐकलेलं ध्यानात ठेवलं आहे म्हणायचं. मी देवळातून येईपर्यंत तिनं कमरपट्टा काढून रानफुलांचा केला होता. मी काही काढायला सांगितलं नव्हतं, नुसतं बोलले होते.

द्रौपदीची साडी मात्र भारी झाली आहे. आपण गोल फिरलं की पदर संपतच नाही, एका रंगातून दुसरा निघतो. श्रीकृष्णानं पुरवलं म्हणून कापड असं वाया घालवावं का, हा विचार मनात आला. तरी चार वेळा फिरून बघितलं. घेरी आली, सोफ्यावर बसले. मग परत एकदा फिरले. काम नीट झालं आहे की नाही हे कोणीतरी बघायला पाहिजे.

२७ ऑगस्ट, गणपती आले

क्रांती शूर्पणखा करते आहे. आरशात बघून स्वतःच्याच रूपावर खूश झालेली, लक्ष्मणाला भेटायला निघालेली. केसांत हाडांचे आकडे, कानात वाघनखं, काळी-लाल साडी. गणपतीसमोर हे चालणार नाही म्हणून तिला लॅपटॉप घेऊन माळ्यावर बसवलं. वर पंखा नाही.

"आई, राक्षसीण फोनमध्ये हाय. घरात न्हाय."

"द्रौपदी फोनमध्ये असताना मी नमस्कार करते ना? मग हिला पण तोच नियम."

हे म्हणाले, "बरोबर हाय." घामाघूम होऊन खाली आली तेव्हा यांनीच तिला सरबत करून दिलं. साखर जास्त घातली होती.

२९ ऑगस्ट

कंपनीनं सांगितलं आहे की सगळ्या वयाच्या बायकांवर लावून बघा. म्हणून क्रांतीनं तिचा जुना फोन मला दिला. फोन आधी चेहरा शोधतो. चेहरा मिळाला तरच पोशाख चढतो. मी भिंतीला लावून बघितलं, हंड्याला लावलं, नारळाला लावलं. 'चेहरा सापडला नाही.' मग यांच्यापुढं धरला. 'चेहरा सापडला नाही.' तीनदा धरला.

क्रांती म्हणाली, मिशांमुळं असेल.  दुपारी हे आरशापुढं उभे होते.

३० ऑगस्ट

बेंगळुरूहून द्रौपदीची साडी परत आली. म्हणजे निरोप आला. शशिधर म्हणतात, सगळं छान आहे, पण काहीतरी कमी आहे, जीव नाही. याआधी दोन वेळा असंच झालं होतं, हे आज कळलं. क्रांती जेवली नाही. पुण्याच्या खोलीच्या मालकिणीला फोन करून खोली अजून रिकामी आहे का, ते विचारत होती.

मला पाटावर बसल्या बसल्या कारण सापडलं. या घरात नवीन वस्त्र आलं की पहिलं गौरीला नेसवायचं, मग घरच्या बाईनं. सासूबाईंनी घालून दिलेली रीत आहे. आणि यंदा पाच-पाच नवीन वस्त्रं घरात आली, ती आधी कोणी अंगावर घातली? मी. जीव येईल कुठून.

क्रांतीला सांगायला गेले नाही. ती म्हणेल तसं नसतं गं.

१ सप्टेंबर, गौरीपूजन

पुरणपोळीचा नैवेद्य झाला. गौरीला यंदा हिरवी इरकल, साडेनऊशे, लक्ष्मीपुरीतून. दुपारी क्रांती आणि हे फुलं आणायला बाहेर पडले. मी दार लोटलं, जुना फोन पदराला पुसला आणि गौरीपुढं धरला.

'चेहरा सापडला.'

लिहिताना अजून अंगावर काटा येतो आहे. ज्या फोनला या घरातल्या कर्त्या पुरुषाचा चेहरा सापडला नाही, त्याला पितळी मुखवट्यात गौर दिसली. इरकलीवर द्रौपदीची साडी आपोआप बसली, निऱ्यासुद्धा पडल्या. मी आधी नेसले त्याबद्दल माफी मागितली. एका हातात फोन आणि एका हातात आरती अशी ओवाळली. फोनच्या कोपऱ्यात लाल ठिपका लुकलुकत होता, तो कुंकवाचा मानला. गौरीचं गाणं म्हटलं, सगळी कडवी. पाचही पोशाख दाखवावेत की नाही असा प्रश्न होता. शूर्पणखा सोडून चार दाखवले.

शेवटी फोननं विचारलं, हे कोण बघू शकेल? फक्त मी, निवडक लोक, सर्वजण. क्रांतीची सही माझ्या ध्यानात होती. पण सही माणसांत असते, गौर काय परकी आहे? आणि गौरीबरोबर कोण कोण येतं ते आपल्याला दिसत नाही. हळदीकुंकवाला दारात आलेल्यांतून निवडक आत घ्यायची आपली रीत नाही. 'सर्वजण'वर बोट ठेवलं. फोननं 'झालं' म्हणून सांगितलं.

मन अगदी हलकं झालं. क्रांतीला काहीच सांगितलं नाही. देवाचं केलेलं बोलून दाखवू नये.

२ सप्टेंबर

गौरी गेल्या. शेजारच्या गौराबाई दही घ्यायला आल्या. त्या निपाणीकडच्या, बोलण्यात कानडी येतं. म्हणाल्या, "यव्वा, माझ्या गोकाकच्या भाचीनं एक मजा पाठवलीय बघा," आणि फोन समोर धरून उभ्या राहिल्या. अंगावर काळी-लाल साडी, केसांत हाडं.

"ह्यात मी बारीक दिसते की नाही?"

मी म्हटलं दिसता. त्या हे कुठून घालून आल्या असा विचार मनात आला, पण तेवढ्यात दूध उतू गेलं.

४ सप्टेंबर

घरात वाईट झालं आहे. क्रांतीचे पोशाख फुटले. पाचही. घटस्थापनेच्या आधीच कोणीतरी ते सगळ्यांसाठी उघडे केले, आणि देवीला साडी नेसवल्याचा एक व्हिडिओ पण पसरवला. शशिधर फोनवर मोठ्यानं बोलत होते. काम थांबवा म्हणाले.

क्रांतीनं तो व्हिडिओ बघितला. मग गौरीच्या कोपऱ्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी भाजी निवडत होते. 

"काय गं?"

"काय न्हाय. कोणीतरी केलं असंल. जाऊ दे."

"जाऊ दे काय? पोलिसात जा. वर्षाचं काम घालवलं त्या मेल्यानं."

"आई, शिव्या देऊ नको."

"का देऊ नको? हात झडतील त्याचे."

तिनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, नको म्हणतो ना. पोरगी मनानं फार चांगली आहे. चोराचासुद्धा कळवळा येतो.

मी मात्र सोडणार नाही. जोतिबाला नवस बोलले. चोर सापडू दे, गुलाल-खोबरं उधळीन.

९ सप्टेंबर

चोर सापडला.

गौराबाई सकाळी तो व्हिडिओ घेऊन आल्या. म्हणाल्या, सगळ्या गोकाकात हाच चाललाय, बघून लोक हात जोडतात. मी चष्मा लावून बघितलं. पितळी मुखवटा. मागं टवका गेलेली फरशी. ओवाळणाऱ्या हातात पिचलेली हिरवी बांगडी, जी मी आज ना उद्या बदलीन म्हणते आहे. आणि गाणं. तिसऱ्या कडव्याला खोकला आला होता, तो पण आहे.

गौराबाई म्हणाल्या, "आवाज तुमच्यासारखाच वाटतो बघा." मी म्हटलं, आमच्या भागात सगळ्यांचाच असा असतो.

त्या गेल्यावर क्रांतीपुढं जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. रीत, माफी, 'सर्वजण', सगळं. मला वाटलं ओरडेल. ती जमिनीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. 

"कोणाला सांगू नको, आई. बाबांना पण न्हाय."

तिला जरासुद्धा नवल वाटलं नाही. धक्काच तेवढा मोठा असेल.

यांना सांगितलं. यांच्यापासून काही लपवायची मला सवय नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे पितळंचं तोंड सापडलं त्याला." त्यांच्या मनातून ते अजून गेलेलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

पितृपंधरवडा असला तरी बोललेला नवस ठेवून भागत नाही. चोर सापडू दे म्हणाले होते, सापडला. कोण निघावा याची अट मी घातली नव्हती. एसटीनं जोतिबाला गेले. गुलाल आणि खोबऱ्याचे एकशे साठ, जाऊन-येऊन तिकीट सत्तर.

पुजाऱ्यांनी विचारलं, "कशाचा नवस?"

"चोर सापडला."

"कुठला हाय?"

"घरातलाच निघाला."

"वाईट. घरातलं माणूस म्हंजे लई वाईट. मुद्देमाल मिळाला का परत?"

"तसाच आहे. सगळ्यांनी नेसला."

त्यांनी मला गुलाल जास्त लावला.

देवळाबाहेर तोंड दाखवायची सोय नाही अशी अवस्था होती. पायऱ्यांवर कॉलेजच्या मुली एकमेकींना फोनमधून द्रौपदी नेसवत होत्या, गोल फिरून पडत होत्या. गुलालाच्या दुकानात मालकीण गिऱ्हाइकाला सांगत होती, "तशी साडी खरी मिळती का म्हणून रोज चार बायका विचारत्यात." एका लेकुरवाळीनं मलाच विचारलं, "मावशी, माझा फोटो काढता? सत्यभामा लावलीय." काढला. चांगला आला.

डोंगरापर्यंत बदनामी पोचली आहे. आमच्या घराचं नाव कोणाला माहीत नाही, एवढंच देवानं राखलं.

१६ सप्टेंबर

सकाळी क्रांती अंघोळीला गेली असताना तिचा फोन वाजला. वाजतच राहिला म्हणून घेतला. शशिधर. मी पहिल्यांदाच बोलले. आवाज तरणा आहे.

"अक्का, बरं झालं तुम्हीच घेतला. एक विचारू? क्रांती म्हणते, मीच चुकून सगळ्यांना उघडं केलं. लिहून दिलंय तिनं. आमच्याकडं नियम आहे, असं करणाऱ्याला पुढचं काम देता येत नाही. पण त्या व्हिडिओतला गाण्याचा आवाज..."

क्रांती ओल्या केसांनी आली आणि फोन काढून घेतला. "सर, आई जरा कमी ऐकते," असं म्हणाली आणि गच्चीवर गेली.

मी कमी ऐकत नाही. मी तिथंच उभी राहिले. पोरीनं माझं पाप स्वतःच्या नावावर लिहून दिलं, आणि मी डोंगरावर गुलाल उधळून आले.

खाली आल्यावर मी विचारलं, का गं असं?

"मग काय आईचं नाव सांगू व्हय? तू साडी गौरीला दाखवलीस. ती चोरी झाली का?" आणि मग पुण्याच्या बॅगेची चेन दुरुस्त करून आणायला सांगितली. बॅगच सापडत नाही म्हणून सांगितलं आहे. बॅग माझ्या पलंगाखाली आहे.

घटस्थापना सहा दिवसांवर आली. फोनवर बोलायला गेले तर मला सुचत नाही, आणि क्रांती ऐकू देत नाही. कागदावर मला सुचतं. दुपारी लिहिलं आणि स्पीड पोस्टानं टाकून आले. पत्ता तिच्या कामाच्या कागदांवरून घेतला. काय लिहिलं याची नक्कल इथं ठेवते, म्हणजे उद्या काही विचारलं तर एकच उत्तर देता येईल.

'श्री. शशिधर यांना कोल्हापूरहून शालन हंबीरराव चौगुले हिचा नमस्कार.

तुम्ही विचारलेलं अर्धवट राहिलं, ते पुरं करते. आवाज माझा आहे. क्रांतीला ते गाणं येत नाही, तिच्याकडून म्हणवून बघा. हात माझा, बांगडी माझी, खोकला माझा. 'सर्वजण'वर बोट ठेवलं ते पण माझंच. क्रांती तेव्हा घरात नव्हती, फुलं आणायला गेली होती, तिचे वडील साक्षीला आहेत. तिनं तुम्हाला लिहून दिलं ते खोटं आहे, आणि त्याबद्दल मी तिला बोलणार आहे. पण खोटं आईसाठी बोलली, तेव्हा फार बोलणार नाही.

मी चोरी म्हणून केली नाही. तुम्ही तीनदा म्हणालात, जीव नाही. आमच्यात नवीन वस्त्र आधी गौरीला नेसवतात, मग त्याला बरकत येते. तुमचं आजोळ निपाणीचं आहे, तिथं कोणाला विचारून बघा. नियम मोडला हे खरं. त्याची शिक्षा ज्यानं मोडला त्याला असते. माझ्याकडं तुमचं काम नाही, तेव्हा मला पुढचं काम न देण्याची शिक्षा तुम्ही खुशाल द्या, मी ती मान्य करते.

गौरीला नेसवलेलं परत मागू नये, ते आता प्रसादात गेलं. शूर्पणखा मात्र मी दाखवली नव्हती. ती फोननं परस्पर दिली. ती परत मिळत असेल तर घ्या, पण आमच्या शेजारच्या गौराबाई यांच्याकडची राहू द्या, त्या रोज लावतात.

मुलीला घरी बसून काम करू द्यावं. ती माळ्यावर पंख्याविना बसून काम करते, हे तिनं तुम्हाला सांगितलं नसणार. पंख्याचं मी बघते.

तुमचा होकार असो की नकार, घटस्थापनेच्या आत उलट टपाली दोन ओळी लिहून टाकाव्यात, आणि पाकिटावर नाव माझं घालावं. फोन करू नये. फोन क्रांती उचलते.'